माळवदाचे जुने सागवान घरच्या टेबल सॉवर चिरायचे आहे : सुरक्षिततेबाबत सल्ला हवा

अंबाजोगाईकर :

नमस्कार. आमच्या जुन्या घराचे माळवद मागच्या उन्हाळ्यात उतरवले, तेव्हा सागवानाच्या एकवीस कड्या आणि दोन तुळया निघाल्या. भंगारवाल्याने सांगितलेला भाव ऐकून त्या विकाव्यात असे वाटले नाही. त्यांतून देवघर, पुस्तकांचे कपाट आणि जमल्यास एक बंगई घरीच करावी, या विचाराने गोठ्याशेजारच्या रिकाम्या खोलीत छोटी कार्यशाळा थाटली आहे. नोकरी बँकेत आहे, सुतारकाम हा छंद आहे आणि जे काही येते ते चित्रफिती पाहून शिकलो आहे, हे आधीच सांगून टाकतो.

तयार टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या पात्याची करवत) न घेता मी सात इंची सर्क्युलर सॉ प्लायच्या टेबलाखाली उलटी बसवली असून तिचा खटका तारेने आवळून ठेवला आहे. सुरू-बंद करतो ते भिंतीवरच्या बटणाने. गेल्या पंधरवड्यात दोन घटना घडल्या. दीड फुटी फळीतून दोन इंची पट्टी काढत असताना पट्टी अचानक उसळली, माझ्या पोटाला चाटून गेली आणि मागच्या पत्र्याच्या दाराला पोचा पाडून खाली पडली. दुसऱ्या वेळी काप अर्ध्यावर असताना वीज गेली, बटण बंद करायचे राहून गेले आणि मी अडकलेला तुकडा हाताने मोकळा केला. हात बाहेर काढून मिनिटही झाले नसेल, तोच वीज आली आणि पाते आपोआप फिरू लागले.

माझ्याजवळ चाळीस हजार रुपये आहेत. ते तयार टेबल सॉसाठी खर्च करावेत, बोट लागताच पाते थांबवणारे अमेरिकन यंत्र मिळवण्याचा प्रयत्न करावा, की आहे तीच मांडणी सुरक्षित करता येईल?

निवृत्त_शिल्प_निदेशक, लातूर :

तुमच्या दोन घटनांपैकी दुसरी अधिक गंभीर आहे आणि तिच्यावरचा उपाय स्वस्त आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो. शेतातल्या मोटारीला जो स्टार्टर असतो, त्यात नो-व्होल्ट कॉइल असते. वीज गेली की ती सुटते आणि वीज परत आली तरी कोणीतरी हिरवे बटण दाबल्याशिवाय मोटार सुरू होत नाही. आपल्याकडे रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेसाठी शेतकरी त्या स्टार्टरला ऑटो स्विच जोडून ही सोय मुद्दाम निकामी करतात, आणि विहिरीवर ते एक वेळ समजण्यासारखे आहे. करवतीवर मात्र नेमके उलटे हवे. यंत्राच्या ताकदीला साजेसा एक फेज स्टार्टर किंवा नो-व्होल्ट स्विच टेबलाच्या पुढच्या कडेला बसवा, आणि त्याचे लाल बटण दोन्ही हात फळीवर असताना मांडीने दाबता येईल इतके मोठे व इतक्या खाली असू द्या. आवळलेली तार त्या स्विचशिवाय एक दिवसही ठेवू नका. पात्याजवळ हात नेण्यापूर्वी मात्र स्विचवर विसंबून न राहता प्लगच काढायचा, हे वेगळे सांगायला नको.

आता पहिल्या घटनेकडे वळू. नवशिका बोटांना जपतो आणि लाकडाकडे दुर्लक्ष करतो. प्रत्यक्षात अनेकदा लाकूड आधी हातातून सुटते आणि त्याच्या झटक्याने हात पात्यावर ओढला जातो. पात्याचे तुमच्या बाजूचे दात लाकूड खाली टेबलावर दाबतात, पण पलीकडच्या बाजूचे दात वर उठत असतात. काप मिटून लाकूड त्या मागच्या दातांवर आवळले, किंवा फेन्स (फळी सरळ सरकावी म्हणून पात्याला समांतर लावलेली पट्टी) आणि पाते यांच्यामध्ये तिरके अडकले, की ते उचलले जाते आणि तुमच्या दिशेने फेकले जाते. १८४ मिमी व्यासाचे पाते मिनिटाला ५५०० फेरे घेत असेल, तर दाताचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर होतो. त्या वेगापुढे सावध राहून हात मागे घेण्याला काही अर्थ उरत नाही.

जुने करवत्ये ओंडका चिरताना कापात पाचर ठोकीत, ती याचसाठी. (पाचर उपटणाऱ्या माकडाची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे, यंत्राच्या जमान्यातही ते माकड पुष्कळ कार्यशाळांत भेटते.) टेबल सॉवर हे काम पात्याच्या मागे उभा असलेला पोलादी पत्रा करतो, त्याला रायव्हिंग नाइफ म्हणतात. काही सर्क्युलर सॉंना तो कारखान्यातूनच येतो आणि यंत्र उलटे बसवताना लोक अडचण म्हणून तो काढून टाकतात. तुमचा तसा निघालेला असेल तर आधी तो शोधून परत लावा. त्याची जाडी पात्याच्या पत्र्याहून जास्त पण दातांनी पडणाऱ्या कापाहून कमी हवी, दातांपासूनचे अंतर ३ ते ८ मिमी असावे आणि पाते वर-खाली केले की त्याच्याबरोबर तोही हलला पाहिजे.

यानंतर फेन्स तपासा. प्लग काढून पात्याच्या एका दातावर खूण करा, तो दात पुढे आणून फेन्सपर्यंतचे अंतर मोजा, मग तोच दात मागे फिरवून पुन्हा मोजा. दोन्ही अंतरे सारखी यावीत. मागचे केसभर जास्त असले तर चालेल, कमी असले तर तुमच्या पोटाला पुन्हा धोका आहे. अरुंद पट्टी काढताना फळीचा रुंद भाग फेन्सकडे ठेवा आणि पट्टी पात्याच्या बाहेरच्या बाजूला मोकळी पडू द्या. त्यासाठी दर वेळी फेन्स सरकवावी लागते, तो कंटाळा करू नये. फळी आडवी कापायची असेल तर तिचे टोक फेन्सला टेकवायचे नाही, त्यासाठी टेबलावर सरकणारी पाटी करून घ्यावी. नुसत्या काठीने ढकलण्यापेक्षा मागे टाच असलेला लाकडी ठोकळा वापरावा, कारण तो फळीला पुढे नेतो आणि खालीही दाबून धरतो. उभे राहायचे ते पात्याच्या रेषेच्या बाजूला, रेषेत नाही.

अमेरिकन यंत्राविषयी थोडक्यात. स्टीफन गॅस या भौतिकशास्त्र शिकलेल्या पेटंट वकिलाने १९९९ मध्ये ही कल्पना आकाराला आणली आणि २००४ पासून त्यांच्या सॉस्टॉप कंपनीची यंत्रे विकली जाऊ लागली. पात्यातून सूक्ष्म विद्युत संकेत वाहत असतो. त्वचेचा स्पर्श होताच तो बदलतो आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसून ५ मिलिसेकंदांच्या आत पाते थांबवतो. हे काम अद्भुत आहे यात शंका नाही. परंतु तिथली घरगुती यंत्रे १२० व्होल्टवर चालतात, एकदा ब्रेक लागला की तो भाग बदलावा लागतो, पातेही सहसा वाया जाते, आणि उसळणारी फळी त्याने थांबत नाही. तुमची पट्टी त्या यंत्रावरही पोटाला लागलीच असती.

जालन्याचा_रंधा :

सरांविषयी आदर ठेवून सांगतो, आमच्या वडिलांनी आणि मी मिळून पन्नास वर्षे उघड्या पात्यावर काम केले आहे. गार्ड (पात्यावरचे झाकण) लावला की रेघ दिसत नाही आणि वेळ जातो. सवय झाली की हात आपोआप सांभाळतो. माझ्या मते नवीन माणसाला इतके घाबरवू नये.

निवृत्त_शिल्प_निदेशक, लातूर :

दादा, तुमचा हात आणि तुमचे डोळे रोजच्या आठ तासांच्या कामाने घडलेले आहेत. आमच्या प्रश्नकर्त्यांचे यंत्र रविवारी दुपारी सुरू होते. गार्डने रेघ झाकली जाते हे मान्य, पण फेन्स लावल्यावर रेघ पाहायची गरजच राहत नाही. आणि पाचर, म्हणजे तो रायव्हिंग नाइफ, कापाच्या आत असते, ती कोणाची रेघ झाकत नाही. गार्ड काढावा लागेल अशा कामातही ती काढू नये, एवढाच माझा आग्रह आहे.

जालन्याचा_रंधा :

पाचरीचे पटले. एक भर घालतो, आणि ती मी पैसे मोजून शिकलो आहे. माळवदाच्या कड्यांत खिळे असतात, डोके तुटलेले आणि वरून न दिसणारे. जाड चुंबक दोरीला बांधून प्रत्येक कडीवरून चारही बाजूंनी फिरवा. शिवाय जुनी कडी पिळलेली असते, ती टेबलावर डुगडुगते, आणि डुगडुगणारे लाकूड पात्याला आवळणारच. रंध्याने एक बाजू व एक कड गुण्यात (काटकोनात) आणल्याशिवाय तिला पात्याकडे नेऊ नका. आणि मनगटातला दोरा, अंगठी, गळ्यातली दस्ती काढून ठेवा. हातमोजे तर मुळीच नकोत, पाते त्यांच्यासकट हात ओढते.

परिचारिका_नांदेड :

अपघात होऊ नये हेच खरे, पण झाला तर काय करायचे ते कागदावर लिहून दाराला चिकटवून ठेवा, कारण त्या क्षणी घरातल्या माणसांना काही सुचत नाही. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे आणि हात छातीच्या वर ठेवावा. हळद, चुना, चहापत्ती यांपैकी काहीही भरू नये. बोट तुटले असेल तर ते सलाइनने ओलसर केलेल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फ व पाणी घातलेल्या दुसऱ्या पिशवीत ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवले तर ऊती गोठून निकामी होतात. शस्त्रक्रियेची शक्यता असल्याने रुग्णाला खायला-प्यायला देऊ नये. १०८ ला फोन करताना अपघाताची नेमकी वेळ सांगावी. तुमच्या गावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तुटलेले बोट जोडण्याची सोय तिथे आहे की पुढे कुठे जावे लागेल, याची चौकशी आजच करून ठेवा. आणि कार्यशाळेत एकट्याने काम करत असाल तर घरात कोणाला तरी ते माहीत असू द्या.

अंबाजोगाईकर :

सर्वांचे मनापासून आभार. काल तार काढली आणि यंत्राचा प्लगही काढून ठेवला आहे. स्टार्टर येईपर्यंत चुंबकाने खिळे शोधत आहे. पहिल्याच कडीत सात निघाले. दोन्ही तुळया आरा गिरणीवर नेऊन त्यांच्या जाड फळ्या पाडून घेईन, कारण एवढे ओझे माझ्या टेबलाला पेलणार नाही. पाचरीचा मूळ पत्रा मात्र सापडला नाही. माझ्या पात्याचा काप २.६ मिमी आणि पात्याच्या पत्र्याची जाडी १.६ मिमी भरते. गावातल्या लोहाराकडून २ मिमीचा पोलादी पत्रा करून घेतला तर चालेल का?

निवृत्त_शिल्प_निदेशक, लातूर :

२ मिमी जाडी योग्य आहे. पत्रा अगदी सपाट असावा, पुढची कड पात्याच्या गोलाईला धरून घासलेली असावी आणि धार कुठेही राहू नये. तो एका बोल्टवर लावू नका, झटक्याने फिरून दातांत जाईल. दोन बोल्ट हवेत, आणि ते टेबलाला न लावता यंत्राच्या अंगालाच लावायचे. बसवल्यावर प्लग काढलेल्या स्थितीत पाते हाताने पूर्ण फिरवून पाहा. मग पहिला काप सागवानावर न घेता बाभळीच्या सरळ, कोरड्या फळीवर घ्या आणि ती कापातून कशी सरकते ते इथे कळवा.