पॅरादिसो: चर्च ते संगीतगृह

चर्चचे मनोरंजनगृह झाले की वास्तूचा आत्मा हरवतो, असे म्हटले जाते; पण ॲमस्टरडॅमचे पॅरादिसो हे संगीतगृह पाहिल्यावर मला ते पटत नाही. १८७९-८० मध्ये एका उदारमतवादी धर्मसमूहासाठी बांधलेली ही वास्तू १९६५ पर्यंत त्यांच्याच वापरात होती. पुढे १९६७ मध्ये हिप्पी तरुणांनी तिचा ताबा घेतला आणि ३० मार्च १९६८ रोजी ती युवकांचे केंद्र म्हणून रीतसर खुली झाली. प्रवचन ऐकण्यासाठी बांधलेले दुमजली सज्जे आजही सभागृहाला वेढून आहेत. वरच्या सज्जाच्या कठड्याला रेलून मी गाणे ऐकत होतो, तेव्हा मंचामागच्या उंच रंगीत काचांवरून नजर हटत नव्हती. जाणाऱ्यांनी सज्जात जागा मिळावी म्हणून लवकर पोहोचावे.