मदत हवी आहे : ‘कोर्ट’ आणि ‘द डिसायपल’नंतर कोणते मराठी चित्रपट पाहावेत?

मी फोंड्यात राहतो. चैतन्य ताम्हाणे यांचे ‘कोर्ट’ (२०१४) आणि ‘द डिसायपल’ (२०२०) हे चित्रपट नुकतेच लागोपाठ पाहिले आणि दोन्हींनी मला खिळवून ठेवले. ‘कोर्ट’मध्ये सुट्टी लागल्यावर न्यायालयाच्या दालनातले दिवे मालवले जातात, पडदा काळोखा होतो, चित्रपट संपला असेच वाटते, आणि मग न्यायाधीश सहकुटुंब सहलीला गेलेले दिसतात, या भागामुळे आधीच्या साऱ्या सुनावण्यांचा अर्थच माझ्यासाठी बदलला. ‘द डिसायपल’मध्ये रात्रीच्या रस्त्यावर संथपणे जाणारी मोटारसायकल आणि सोबत ऐकू येणारा माई या संगीतगुरूंचा आवाज मला त्यातील गायनाइतकाच मोलाचा वाटला.

कॅमेरा दूर आणि स्थिर ठेवणारे, पार्श्वसंगीताने भावना न सुचवणारे आणखी मराठी चित्रपट मी शोधत आहे. ‘श्वास’, ‘फँड्री’ आणि ‘किल्ला’ पाहिले आहेत. तिन्ही मनापासून आवडले, परंतु त्यांची जातकुळी वेगळी आहे. ओटीटीवर भाषेनुसार शोध घेतल्यास गाजलेली नावेच पुढे येतात, आणि पणजीतील इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव नोव्हेंबरमध्ये असल्याने तोवर थांबावे लागेल.

चित्रपट अधिकृतरीत्या उपलब्ध असावा. इंग्रजी सबटायटल्सही आवश्यक आहेत, कारण सोबत पाहणारे आमचे शेजारी रोमी (रोमन लिपीतील) कोंकणी वाचणारे असून त्यांना मराठी संवाद पूर्ण उमगत नाहीत. जुना चित्रपटही चालेल, मात्र प्रत स्वच्छ हवी.

या अटींत बसणारे कोणते चित्रपट आपण स्वतः पाहिले आहेत, आणि ते सध्या कोठे पाहता येतील?