चाळीतून टॉवरमध्ये: बाबा नाराज, आई खूश. आधी गेलेल्यांनी अनुभव सांगा

नायगावची_लेक

आमची खोली मुंबईत नायगावच्या बीडीडी चाळीत, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सरकारी चाळीत. १६० चौरस फूट, आजोबांकडून बाबांच्या नावावर आलेली. पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं घर मिळणार, तेही मालकी हक्काने आणि फुकट. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या वाटल्या, तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही.

बाबांना जायचं नाही. १९८२ च्या संपात गिरणी सुटली तेव्हा याच मजल्यावरच्या लोकांनी आम्हाला जगवलं, असं ते सांगतात आणि ते शंभर टक्के खरं आहे. दिवसभर दार उघडं, येणारा-जाणारा दोन शब्द बोलून जातो. टॉवरमध्ये दार लावून बसायचं या कल्पनेनेच त्यांचा जीव घाबरा होतो.

आईला मात्र आज चावी दिली तर आज निघेल. मोरीला फक्त अर्धी भिंत. तिने अंघोळ करायची म्हणजे आधी बाबांनी आणि भावाने पॅसेजमध्ये जाऊन उभं राहायचं. संडास मजल्यावर सगळ्यांचा मिळून. गुडघे धरायला लागल्यापासून रात्री उठावं लागू नये म्हणून ती संध्याकाळी सातनंतर पाणीच पीत नाही. हे तिने मलाही परवा सांगितलं.

२०११ च्या जनगणनेत देशातल्या ५३.१ टक्के घरांची स्थिती ‘चांगली’, ४१.५ टक्के ‘राहण्याजोगी’ आणि ५.४ टक्के ‘मोडकळीला आलेली’ अशी नोंद आहे. ३७ टक्के कुटुंबं एका खोलीत राहत होती. पण एका घराचं उत्तर एकच. आमच्याकडे कोणी विचारायला आलं तर दारात बाबा असणार आणि ते मनापासून ‘चांगलं आहे’ म्हणणार. मला वाटतं, घराबद्दल समाधानी आहात का हे विचारायचंच असेल तर मोरी आणि स्वयंपाक ज्या बाईच्या वाट्याला आहे तिला वेगळं विचारायला हवं.

तर जे आधी गेलेत त्यांनी सांगा: म्हातारी माणसं रुळली का? महिन्याचा खर्च झेपतो का? ताबा घेण्याआधी काय बघायचं?

कुर्लेकर७४

आम्ही झोपडपट्टी पुनर्वसनातल्या २६९ फुटांच्या घरात आहोत, सातव्या मजल्यावर. घरात संडास आला, बायकोचं आयुष्य बदललं, याबद्दल दुमत नाही. पण इमारत चालवायला पैसा लागतो हे आम्हाला कोणी समजावलंच नाही. लिफ्टचं बिल, पंप, टाकी साफ करणं. निम्मे लोक मेंटेनन्स भरेनात आणि लिफ्ट बंद पडली. माझी आई तेव्हापासून खाली उतरायचीच बंद झाली, दवाखान्यालाही खुर्चीत बसवून न्यायचो.

बीडीडीत १२ वर्षं देखभाल म्हाडाकडे, म्हणजे सरकारच्या गृहनिर्माण संस्थेकडे आहे, हा मोठा आधार. पण तेरावं वर्ष येणारच. सोसायटी झाली की पहिल्या महिन्यापासून थोडी वर्गणी काढून बँकेत टाका. ‘आत्ता कशाला?’ म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

सविता_परळ

मी आरोग्य केंद्रात काम करते, म्हणून एकच सांगते. ऊन आणि वारा बघा. गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींत इमारती इतक्या खेटून बांधल्या की खालच्या मजल्यांवर ऊनच पोचत नाही, आणि तिथे क्षयाचे रुग्ण जास्त सापडले. घर दाखवतील तेव्हा दिवे बंद करायला सांगा आणि दुपारी बारा वाजता स्वयंपाकघरात उभ्या राहा. संडासात आईला धरायला दांडी बसवून घ्या, राहायला जायच्या आधीच. नंतर फरशी फोडायला कोणी येत नाही.

वरळी_जांबोरी

आम्ही नवीन घरात आलो. वडील पहिला महिना गप्प गप्प होते, जेवणही कमी झालं होतं. सोडतीत शेजारी वेगवेगळ्या मजल्यांवर गेले ना. मग आम्ही पोरांनी जुन्या मजल्यावरच्या सगळ्यांचे नवे नंबर कागदावर लिहून प्रत्येक घरात चिकटवले आणि संध्याकाळी सहाला खाली बसायचं ठरवलं. आता पाचलाच चपला घालून तयार असतात. ताई, बाबांना ओढून नेऊ नका. त्यांची दोन माणसं कुठल्या मजल्यावर आहेत ते आधी शोधा.

नायगावची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल हे बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं, माझा प्रश्नसुद्धा. सातनंतर पाणी न पिण्याचं त्यांना माहीतच नव्हतं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग दांडी किती उंचीवर लागेल ते आईला विचारायला लागले.

सविता ताई, ती उंची साधारण किती ठेवतात? आणि कुर्लेकर दादा, वीज गेली तर लिफ्ट जनरेटरवर चालणार का, हे ताब्याआधी लेखी मागता येतं का?