दोन्ही पावलं डावी आली, आता काय करू?

दांडियाबाजारकर
डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. एका कंपनीची (नाव घेत नाही, समजणारे समजतील) सहा इंची ॲक्शन फिगर (सांधे हलणारं बाहुलं) गेल्या वर्षी प्रीऑर्डर केली, सगळे पैसे आधीच भरले, तीनदा तारीख पुढे ढकलली आणि परवा पार्सल आलं, उघडून बघतो तर दोन्ही पावलं डावी! आई म्हणते, गणपतीच्या आराशीत मागच्या रांगेत उभा कर, कोणाला कळतंय. तेवढंच असतं तर सोडलं असतं, पण उजवा गुडघा जाम आणि कमर इतकी ढिली की शेल्फवर ठेवला की दहा मिनिटांत साष्टांग नमस्कार. मेल केला तर म्हणे बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ पाठवा. अरे पण तुमच्या बॉक्सला आत बघायची पारदर्शक खिडकीच नाही, उघडायच्या आधी मला स्वप्न पडणार होतं का? काही घरगुती उपाय?

रावपुऱ्याचा रोबो
गुडघ्याला जोर लावू नकोस भावा!! माझ्याकडच्या एकाची खुंटी आतच तुटून बसली. गरम पाण्यात (उकळतं नको) मिनिटभर बुडव, पीव्हीसी मऊ पडतं, मग हळूहळू पुढेमागे कर. कमरेच्या सांध्यातल्या गोळीवर नेलपॉलिशचा पातळ हात मार, घट्ट होते.

जुनाजो
नेलपॉलिश अजिबात नको, त्यातलं सॉल्व्हंट काही प्लास्टिक खातं. नळवाल्याची पांढरी टेफ्लॉन टेप घे, एक वेढा पुरतो. आणि क्लेम करायचा असेल तर आधी फोटो काढ, पाणीबिणी नंतर. आमच्या लहानपणी फनस्कूल कंपनीचे जी.आय. जो नावाचे खेळण्यातले सैनिक होते, पावणेचार इंची, त्यांची कमर आतल्या रबरी रिंगवर असायची. रिंग तुटली की दोन तुकडे हातात, पण पाठीला स्क्रू होता, उघडून नवी रिंग घातली की गडी परत लढाईला. आताचे सगळे चिकटवून बंद, उघडणार कुठून?

अलकापुरी_७७
रिप्लेसमेंट बाहेरून आली तर कस्टमवाले परत गाठतात, हे पण धरून चाल. खेळण्यांवरची ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के केली, २०२३ मध्ये ७०. तीन हजारांचं बाहुलं (बायकोचा शब्द) घरी येईपर्यंत कितीला पडतं ते मी घरी सांगत नाही.

दांडियाबाजारकर
जुनाजो काका, टेपने कमर मस्त बसली, थँक्यू! गुडघा पण थोडा वाकतोय. कंपनीचं उत्तर आलं, स्टॉक संपला, पुढच्या ऑर्डरवर कूपन देतो. पावलांचं काय ते राहिलंच.

रावपुऱ्याचा रोबो
थांब थांब, निळ्या चिलखतवाली का? मी कपाटात बघितलं, माझीची दोन्ही उजवी आहेत, आठ महिने लक्षातच आलं नाही. रविवारी सूरसागर तलावावर ये, एकेक पाऊल बदलून घेऊ, थर्मासमध्ये गरम पाणी मी आणतो.