ध्येय सोडायचं नाही, पण पकड सैल कशी करायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी अर्धमॅरेथॉनची (२१.१ किमी) तयारी करते आहे. दोन तासांच्या आत पूर्ण करायची मनापासून इच्छा आहे. त्यासाठी दर किलोमीटर साधारण ५ मिनिटं ४० सेकंदांत व्हावा लागतो आणि हा आकडा डोक्यातून जातच नाही. धावताना नजर सारखी मनगटावरच्या घड्याळाकडे. वेग जरा घसरला की खांदे वर चढतात, मुठी आवळल्या जातात, श्वास वरचेवर होतो आणि वेग आणखीच पडतो.

उकाड्यात शरीर थंड ठेवायला रक्त त्वचेकडेही वळतं, त्यामुळे त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात, हे मला ठाऊक आहे. हवा माझ्या हातात नाही. वेळेवर झोपणं, संथ सरावाच्या दिवशी खरोखर संथ धावणं, एवढंच हातात आहे. पटतंही. पण पळायला लागलं की सगळं विसरायला होतं.

घड्याळ झाकून धावावं का? मग वेगाचा अंदाज कशावरून घ्यायचा, श्वासावरून, की सलग बोलता येतंय का यावरून? शर्यतीच्या दिवशीही असंच करता का?

‘वेळेचा विचार सोड, नुसता आनंद घे’ असं कृपया सांगू नका, ते ध्येय मला हवंच आहे. धावणं सोडून अभ्यास, गाणं, लेखन यातला अनुभव असेल तरी चालेल. मेहनत तेवढीच ठेवून निकालाचा धोशा कमी करायला तुम्ही नेमकं काय केलंत, काय बंद केलंत?