ट्रॅक्टर लोडवर बंद पडतोय, अर्जंट मदत हवी आहे

काळं_रान: मंडळी, रोटावेटर लावला की अर्ध्या तासात ट्रॅक्टर दम टाकतो, आवाज दबतो आणि बंद. थोडा वेळ थांबलं की परत स्टार्ट, जसं काय झालंच नाही. डिझेल फिल्टर दोन्ही नवीन टाकले. मिस्त्री म्हणतो डिझेल पंप उतरवू. ज्वारी पेरायचीय, वापसा (पेरणीजोगी ओल) हातातून चाललाय, लवकर सांगा.

फिटर_बापू: किती एचपी? कितीचं मॉडेल? धूर कसला, काळा, पांढरा, निळा? हे कळल्याशिवाय काय सांगणार.

काळं_रान: ३५ एचपी, तीन सिलिंडर, २००१ चा. धूर नॉर्मल.

खोडवा_ऊस: हाफ इंजिन करून टाका दादा. माझाही लोड घेत नव्हता, लायनर पिस्टन रिंगा बदलल्या, आता पल्टी नांगर थर्डला ओढतो.

फिटर_बापू: खोडवाभाऊ, घासलेलं बोर दहा मिनिटं थांबून बरं होतं का? रिंगा गेल्या की निळा धूर येतो, ऑइल कमी होतं, ब्रीदर (इंजिनची हवा बाहेर सोडणारी नळी) भकाभका धूर मारतो. कशाला त्यांना खर्चात घालता. इथं इंजिनला डिझेल पोचत नाहीये. काळं_रान, टाकीचं झाकण ढिलं ठेवून चालवा. झाकणाचं भोक मातीनं बुजलं की टाकीत हवा जात नाही आणि डिझेल येत नाही.

खोडवा_ऊस: मी अनुभवाचं सांगितलं, ऐकायचं तर ऐका.

माळरान_७: मागच्या टायरात पाणी भरलंय का? पाऊण टायर भरा, स्लिप कमी होते, डिझेल वाचतं.

काळं_रान: स्लिपचा विषय नाही हो दादा. झाकण ढिलं करून बघितलं, तरी बंद पडला. काळा धूर अजिबात नाही, उलट कमी कमी होत जातो.

सांगोला_कडं: डिझेलच्या लाइनीत एअर धरत असणार. फिल्टरच्या बोल्टचे तांब्याचे वॉशर बदला, एअर काढताना बुडबुडे येतात का बघा. आणि डिझेल थेट पेट्रोल पंपावरून भरता का घरच्या बॅरलमधून?

काळं_रान: बॅरलमधून. वॉशर नवीन टाकले, बुडबुडे नाहीत.

फिटर_बापू: बॅरल आधी सांगायचं ना राव! टाकीखालचा पाईप काढा, डिझेल कॅनमध्ये सोडा आणि धार शेवटपर्यंत बघत बसा. मध्येच उठू नका.

महाडीबीटी_मित्र: एवढा जुना कशाला सांभाळता, अनुदानाला अर्ज टाका.

काळं_रान: सापडलं! आधी धार जोरात, मग करंगळीएवढी, मग नुसते थेंब. टाकी उतरवून धुतली तर खालून काळा बुळबुळीत गाळ आणि गोणपाटाचं सूत निघालं, चालू असताना तेच तोंडाशी ओढलं जात होतं, बंद केलं की सुटत होतं. पंपाला हातही लावला नाही. आज दुपारपासून न थांबता चालू आहे. बापू, लई उपकार झाले.

फिटर_बापू: बॅरलच्या तळाचं चार बोटं डिझेल कधी घेऊ नका, पाणी नि गाळ तिथंच बसतो. आणि नवीन टाकलेले फिल्टर एकदा उघडून बघा, त्यातही गाळ गेला असणार.

सांगोला_कडं: मालदांडी ज्वारीच टाकताय ना? बियाण्याला गंधक चोळलं का, काणी रोग येतो नाहीतर.