मामांनी आईचा कॉल रेकॉर्ड करून भावकीसमोर लावला, आता आई फोनवर बोलतच नाही

पाऊसवेडी:
माझ्या मामांच्या फोनला ऑटो रेकॉर्डिंग चालू असतं, आलेला गेलेला प्रत्येक कॉल सेव्ह. आजी गेल्यावर आईचं आणि त्यांचं तासभर बोलणं झालेलं, त्यात आई रडत रडत म्हणाली की मला नको रे त्यातलं काही, तुम्हीच बघा. आता सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायची वेळ आली तर मामांनी सगळ्या भावकीसमोर तेवढाच तुकडा लावला, बघा म्हणे ताईनेच सोडलंय. त्याच कॉलमध्ये पुढे आजीच्या आजारपणात कोण किती फिरकलं यावरून आई धाकट्या मामींबद्दल बरंच काही बोललीये, ते अजून लावलेलं नाही पण मामांकडे आहे हे आईला माहितीये. जमिनीचं होईल काय ते, मला त्रास याचा होतोय की ती आता माझ्याशी पण धड बोलत नाही. जेवलीस का, पाऊस आहे का तिकडे, बास. जरा खोदून विचारलं की "घरी आलीस की बोलू". मी असते बंगळुरूला! असं न सांगता रेकॉर्ड करणं कायद्यात बसतं का?

दिवाणी_वकील:
आधी आईंना हे सांगा की त्या तुकड्याने वाटा जात नाही. जमिनीतला हिस्सा सोडायचा तर हक्कसोडपत्र लागतं आणि ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, फोनवर शंभरदा नको म्हटलं तरी ते हक्कसोडपत्र होत नाही.

रेकॉर्डिंगचं म्हणाल तर स्वतः बोलत असलेला कॉल टेप करणं हा आपल्याकडे सरळ गुन्हा नाही. दोघांचं बोलणं तिसऱ्याने चोरून ऐकणं वेगळं. मलकानी केस बघा, मुंबईच्या कॉरोनरने (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) लाच मागितली, त्याच्याशी बोलणाऱ्या डॉक्टरच्या संमतीने डॉक्टरच्याच फोनला टेपरेकॉर्डर लावला आणि सुप्रीम कोर्टाने १९७२ ला तो पुरावा धरला. २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी प्रायव्हसी मूलभूत हक्क म्हटलं, पण जुलै २०२५ मध्ये त्याच कोर्टाने नवराबायकोतलं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंगही घटस्फोटाच्या केसमध्ये चालेल म्हणून सांगितलं. २०२३ चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा (डेटा) कायदा घरगुती वापराला लागू नाही, म्हणजे मामा तिथेही सुटले. कोर्टात मात्र तुकडा लावून भागत नाही, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट लागतं, छेडछाड झाली का बघतात. अख्खा कॉल मागा त्यांच्याकडे.

जुना_हँडसेट:
गुगलचा डायलर (फोन लावायचं ॲप) असेल तर रेकॉर्डिंग सुरू होताना बाई बोलते, समोरच्याला कळतं. आयफोनचं पण तसंच. बाहेरची रेकॉर्डिंग ॲप्स गुगलने २०२२ मध्ये प्ले स्टोअरवर बंद केली, पण काही कंपन्यांच्या स्वतःच्या डायलरमध्ये ऑटो रेकॉर्ड असतं आणि ते चूपचाप चालतं, मामांचा तसलाच असणार. व्हॉट्सॲप कॉल सहसा या डायलरच्या रेकॉर्डिंगमध्ये येत नाही, आईला तो शिकवा. अर्थात समोरच्याने स्पीकरवर टाकून दुसरा फोन शेजारी ठेवला तर व्हॉट्सॲपचं एन्क्रिप्शन काय करणार कप्पाळ.

सांडगी_मिरची:
मी उलटं बोलणार आहे, राग मानू नका. माझ्या बहिणीला सासरचे फोनवर काय काय बोलायचे आणि चारचौघात कसे गोड वागायचे, रेकॉर्डिंग नसतं तर आमच्याच घरच्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला नसता. ज्याचं कोणी ऐकत नाही त्याच्याकडे तेवढंच असतं. सरसकट वाईट म्हणू नका.

पारावरचा:
@सांडगी_मिरची तुमच्या बहिणीला माहिती होतं की आपल्याला धोका आहे, म्हणून तिने केलं. इथे मामा सगळ्यांचंच साठवतायत, भांडण नसताना सुद्धा, आणि भांडण झालं की आत जाऊन शोधायचं. बहीण रडताना भावाला काहीही बोलते हो, दोन दिवसांनी तिलाही आठवत नाही त्यालाही नाही, अशीच घरं टिकलीयेत. आमच्याकडे एकाने ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला तेव्हापासून सगळे नुसते गुड मॉर्निंग आणि वाढदिवसाचे केक. खरं काय ते लग्नकार्यात मांडवामागे.

पाऊसवेडी:
वकीलसाहेब, आईला तुमचं वाचून दाखवलं. वाटा जात नाही कळल्यावर बरं वाटलं तिला, पण अख्खा कॉल मागू नको म्हणतेय. अख्खा आला की मामींचं सगळं बाहेर येणार. वेळ पडली तर सही करून देईन म्हणते पण ते नको. मामा तोंडाने काही म्हणत नाहीयेत आणि तरी काम होतंय त्यांचं 😐

सांडगी_मिरची:
सही अजिबात करू देऊ नका! आणि मामींना आईनेच आधी फोन करून सांगून टाकू दे ना, की मी त्या दिवशी तुझ्याबद्दल असं असं बोलले. चार दिवस फुगतील मामी. पण मग मामांकडे उरलं काय?